निळ्या पाहुण्याचं ‘येतो’

गुणवंतराव सबनीस यांच्या घरून निघणं सोपं नाही. चहा झाला, सुपारी झाली, चपला पायात चढल्या आणि पाहुणा दारात उभा राहून ‘बरंय, जातो’ म्हणाला, की आतल्या खुर्चीतून आवाज येतो, “जातो नाही. येतो म्हणावं.” पाहुणा हसून ‘येतो, येतो’ म्हणतो आणि मगच सुटतो. द्वारकेतल्या त्यांच्या सोसायटीत नळ दुरुस्त करायला येणारा रोहतकचा मिस्त्रीसुद्धा आता निघताना ‘येतो जी’ म्हणतो. त्याची समजूत अशी, की मराठीत राम रामला येतो म्हणत असावेत.

बाकी गुणवंतराव अंधश्रद्ध वगैरे मुळीच नाहीत. अमावस्येला स्कूटर घेतलेला माणूस. मांजर आडवं आलं तर ते मांजरालाच ‘हो बाजूला’ म्हणतात. पण माणसानं स्वतःच्या तोंडानं ‘जातो’ म्हणू नये, ही गोष्ट मिरजेत त्यांच्या आईनं त्यांच्या डोक्यात अशी काही बसवली होती, की सत्तरी आली तरी ती तसूभर हलली नाही.

दिल्लीत या नियमानं पहिल्याच वर्षी त्यांची फजिती केली. तेव्हा ते कृषी भवनात नवे कारकून होते आणि त्यांची हिंदी त्याहून नवी होती. त्यांचे साहेब मल्होत्रा यांनी त्यांना एका रविवारी घरी चहाला बोलावलं. चहा झाला, समोसे झाले, गप्पा झाल्या. गुणवंतराव उठले, हात जोडले आणि आईनं शिकवलेलं वाक्य जसंच्या तसं हिंदीत उतरवून म्हणाले, “अच्छा, आता हूँ.” मल्होत्राबाईंना वाटलं, पोरगा कोपऱ्यावरून पान खाऊन परत येतोय. त्यांनी घाईनं राजमा चढवला, तांदूळ धुतले आणि पाहुणा येईपर्यंत घरात कुणाला ताटावर बसू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मल्होत्रांनी सगळ्या सेक्शनसमोर विचारलं, “सबनीस, कल तूने मेरे बच्चों को भूखा क्यों मारा?”

तेव्हापासून त्या ऑफिसात एक नवा वाक्प्रचार सुरू झाला. कुणी लंचला म्हणून गेला आणि परतलाच नाही, की बाकीचे म्हणत, ‘सबनीस हो गया.’ गुणवंतराव हसायचे. आपल्या नावाचं क्रियापद झालं, असं भाग्य सगळ्यांना लाभत नाही, असं ते चंद्रप्रभाबाईंना लग्नानंतर सांगत. पण हिंदीत ‘चलता हूँ’ म्हणायचं असतं, हे कळूनही त्यांची जीभ काही वळली नाही.

नसती वळली तरी चाललं असतं. पण मध्ये अंतराळ आलं.

१९८७ साल असेल. कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात दिल्लीकर मराठी मंडळींच्या नाटकाच्या तालमी चालत. गुणवंतराव त्यात हौसेनं काम करत. उंची भरपूर, आवाज खर्जातला, आणि चेहरा असा की लक्षात राहू नये. एका टीव्ही मालिकेचे लोक माणसं शोधत तिथं आले. मालिकेचं नाव ‘दूर की चौकी’. शनीच्याही पलीकडे माणसांनी एक ठाणं उभारलंय, तिथं एक कॅप्टन आहे, त्याची लहान मुलगी आहे, आणि दर रविवारी तिथं अंतराळातून काही ना काही संकट येतं, अशी ती गोष्ट. त्यांना एका भागासाठी परग्रहावरचा पाहुणा हवा होता. चेहरा मुखवट्यात झाकला जाणार होता, त्यामुळे उंची आणि आवाज एवढंच पुरेसं होतं. त्या नाटकवाल्यांतले विनोदी लोक पुढं बरीच वर्षं म्हणत, की कोपर्निकस मार्गावर सापडलेला हा पहिलाच ग्रह.

मालिका गरिबीतली होती. अंतराळयानाच्या खिडक्या म्हणजे डेझर्ट कूलरच्या जाळ्या, आणि कंट्रोल पॅनल म्हणून कुणाच्या तरी बंद पडलेल्या वॉशिंग मशीनचं झाकण. पाहुण्याचं शिरस्त्राण म्हणजे निळा रंग दिलेला अ‍ॅल्युमिनियमचा हंडा. त्याला शिंगं हवीत असं दिग्दर्शकाच्या ऐन वेळी मनात आलं, तेव्हा चंद्रप्रभाबाईंच्या विणकामाच्या सुया कामी आल्या. त्या वर्षी अनुरागचा स्वेटर एका बाहीवर अडला तो त्यामुळेच. अनुराग म्हणजे यांचा एकुलता एक मुलगा, तेव्हा सहा वर्षांचा.

त्या भागाची गोष्ट साधी होती. निळ्या पाहुण्याचं यान बिघडतं, तो ठाण्यावर उतरतो, माणसं आधी घाबरतात, मग यान दुरुस्त करून देतात, आणि तो निघतो. निघताना कॅप्टनची मुलगी विचारते, “आप फिर आओगे?” त्यावर पाहुण्यानं म्हणायचं होतं, “हमारी भाषा में लौटने का कोई शब्द नहीं, बिटिया. मैं जा रहा हूँ.” मग धूर, मग अंधार, मग रडायला लावणारी सतार.

मे महिना. हंड्याच्या आत घामाच्या धारा. धूर सुटला, मुलीनं विचारलं, आणि गुणवंतरावांनी खर्ज लावला. “हमारी भाषा में लौटने का कोई शब्द नहीं, बिटिया.” मग थोडं थांबले, हात जोडले आणि म्हणाले, “अच्छा, आता हूँ.” आणि चालत धुरात नाहीसे झाले.

दिग्दर्शक म्हणाला, “भाई, ये क्या बोल दिया?” गुणवंतराव हंड्यातून शपथेवर म्हणाले, “जो लिखा था, वही बोला.” त्यांना खरंच तसं वाटत होतं. धूर काढायचा कोरडा बर्फ संपला होता, स्टुडिओ दुसऱ्या कार्यक्रमाला द्यायचा होता. दिग्दर्शकानं मान हलवली आणि तेच ठेवलं.

रविवारी सकाळी सरोजिनी नगरच्या त्यांच्या क्वार्टरमध्ये अर्धी गल्ली जमली होती. शेजारच्या पद्मजा कुलकर्णी पोह्यांची परात घेऊन आल्या होत्या. ‘आता हूँ’ आलं आणि चंद्रप्रभाबाई एवढ्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. तेव्हा कुठं गुणवंतरावांना कळलं, आपण काय केलं ते. सोमवारी मल्होत्राबाईंनी घरून निरोप पाठवला, “सबनीस जी, उन लोगों ने भी राजमा चढ़ाया होगा.”

गंमत इथं संपली असती. पण मुलं फार वाईट. देशभरातून मालिकेच्या ऑफिसात पत्रं यायला लागली. नीला मेहमान कब आएगा? त्यांच्या भाषेत परतायला शब्द नाही, तरी तो आपल्यासाठी शब्द तयार करून गेला, असं बरेलीच्या एका मास्तरांनी लिहिलं. लेखकानं म्हणे त्याला परत आणायचं ठरवलंही होतं, पण त्याआधी मालिकाच बंद पडली. निळा पाहुणा काही आला नाही.

आणि सगळ्यात वाईट मूल घरातच होतं. अनुराग मग बाबांनाच घाबरायला लागेल म्हणून तो निळा माणूस म्हणजे बाबा आहेत, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं; गल्लीतल्यांनाही तशी ताकीद होती. तो दर रविवारी टीव्हीसमोर वाटीत चिवडा घेऊन बसायचा. एक वाटी स्वतःची, एक पाहुण्याची. मालिका बंद झाल्यावरही काही रविवार तो तसाच बसला. मोठा झाल्यावर केव्हातरी त्याला खरं सांगितलं, तेव्हा तो हसला नाही. “म्हणजे तुम्हीच होतात?” तो म्हणाला, “मग आला का नाहीत?” गुणवंतरावांनी त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाले, “येईन की.”

त्यानंतर जग बदललं, तसं सबनीसांचंही बदललं. गुणवंतराव बढत्या घेत सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाले. सरोजिनी नगरचं क्वार्टर सुटलं. आता तर ती जुनी दुमजली घरंच पाडून टाकली आहेत. द्वारकेत फ्लॅट घेतला. अनुराग इंजिनिअर झाला, परीक्षा देऊन केंद्र सरकारात लागला, आणि ज्या दिवशी त्याचं नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी गुणवंतरावांनी सोसायटीच्या चौकीदारालाही बर्फी दिली. थोड्या उशिरानं त्याचं लग्न झालं. सून केतकी नागपूरची, बोलायला फटकळ आणि मनानं मोकळी. घर भरलेलं होतं.

मग चाळिशी ओलांडल्यावर अनुरागनं नोकरी सोडली. एका मित्राबरोबर मानेसरला एक शेड घेऊन गाड्यांच्या सीटखालच्या स्प्रिंगा बनवायच्या, असं त्याच्या मनात कधीपासून होतं म्हणे. गुणवंतरावांना हे ऐकूनच घाम फुटला. सरकारी नोकरी कुणी सोडतं का? वेड लागलेले सोडतात किंवा पकडले जाणार असतात ते सोडतात. आठवडाभर घरात धुसफूस चालली. शेवटी एका दुपारी जेवणाच्या टेबलावर त्यांच्या तोंडून निघून गेलं, “नोकरी सोडणाऱ्याला या घरात जेवण मिळेल. मान मिळणार नाही.”

अनुरागनं ताट बाजूला सारलं. केतकीनं बॅगा भरल्या. बुटाची नाडी बांधून तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, “जातो मी.”

म्हणाला आणि थांबला. चंद्रप्रभाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. कुरिअरवाल्यापासून खासदारापर्यंत कुणालाही न सोडणारा हा माणूस त्या वेळी हातातल्या रिमोटकडे बघत बसला होता. अनुराग आणखी थोडा थांबला. मग लिफ्टचं दार वाजलं.

मानेसर म्हणजे काही शनीपलीकडे नाही. द्वारकेहून तासा-दीड तासाची वाट. पण ती वाट गुणवंतरावांच्यानं चालवेना. अनुराग दर रविवारी आईला फोन करायचा. फोन ठेवताना विचारायचा, “बाबा?” आणि त्या म्हणायच्या, “आहेत.” गुणवंतराव पलीकडच्या खुर्चीत बसून सगळं ऐकायचे आणि नंतर विचारायचे, “कोणाचा होता?”

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी केतकी एकटी आली. शेडमध्ये मशीन बसलं होतं, खंडेनवमीला पूजा होती. कामगार सगळे बिहारचे, त्यांची विश्वकर्मा पूजा होऊन गेली होती. पण अनुरागला खंडेनवमीच हवी होती, कारण लहानपणी बाबा घरातली स्कूटर, टाइपरायटर, अगदी अडकित्तासुद्धा त्या दिवशी पूजत. हे तिनं सगळं सांगितलं. मग म्हणाली, “बाबा, तुम्ही यायचं. पूजा तुमच्या हातची.” गुणवंतराव पेपरमागून म्हणाले, “हो, येतो.”

आणि गेले नाहीत. चंद्रप्रभाबाई तेव्हा गुडघ्याच्या दुखण्यानं अंथरुणात होत्या, त्यामुळे कुणी ओढून नेणारंही नव्हतं. त्यानंतर आणखी एक दसरा गेला. त्या वेळी कुणी बोलवायला आलं नाही.

यंदा नवरात्रात दुपारच्या चहाच्या वेळी पद्मजाबाईंचा मेसेज आला. त्या आता नोएडाला मुलीकडे असतात, पण सरोजिनी नगरच्या जुन्या बायकांचा ग्रुप त्यांनी अजून जागता ठेवलाय. मेसेजमध्ये एक लिंक होती आणि खाली लिहिलं होतं, ‘प्रभा, तुझा निळा नवरा सापडला.’ कुणीतरी ‘दूर की चौकी’चा तो भाग जुन्या टेपवरून उतरवून यूट्यूबवर टाकला होता.

दोघं सोफ्यावर शेजारी बसले. चंद्रप्रभाबाईंनी फोन उभा धरला, मग आडवा केला. चित्र थरथरत होतं, रंग उतरलेले. गुणवंतरावांना आधी हसू आलं. “अगं, ही जाळी बघ. कूलरची आहे हे आत्ता दिसतंय.”

“माझ्या सुया बघा. अजून दिल्या नाहीत त्यांनी परत.”

हंड्यातला माणूस ठाण्यावर उतरला. घाबरलेली माणसं, दुरुस्त झालेलं यान, सगळं आठवणीपेक्षा हळू चाललं होतं. मग शेवट आला. मुलीनं विचारलं. हात जोडले गेले. “अच्छा, आता हूँ.” गुणवंतराव स्वतःच्या तरुण आवाजाकडे कान देऊन ऐकत राहिले. बरा होता आवाज.

पण त्यानंतरचं त्यांनी कधी नीट पाहिलंच नव्हतं. तेव्हा शूटिंगमध्ये ते धुराच्या पलीकडे हंडा काढायच्या गडबडीत होते, आणि घरी सगळे हसत होते. पाहुणा गेल्यावर चित्र तिथंच थांबलेलं होतं. कॅप्टन आणि ती मुलगी, दोघंही दाराकडे बघत उभी होती. बहुधा त्यांनाही वाटलं असणार, आता हूँ म्हणालाय तर परत फ्रेममध्ये येतोय. मुलगी तर पायांच्या चवड्यांवर उचललेली. दिग्दर्शकानं कट म्हटलं नव्हतं, म्हणून कुणी हललं नाही. सतार वाजून संपली तरी ती दोघं वाट बघतच होती. मग पडदा काळा झाला.

चंद्रप्रभाबाई खालच्या कमेंट वाचायला लागल्या. शंभरावर होत्या. एकाचं म्हणणं, ‘आता हूँ’ हा सांकेतिक शब्द आहे. दुसऱ्यानं लिहिलं होतं, की पाहुण्याच्या ग्रहावर काळ उलटा चालतो, त्यामुळे जाणं म्हणजेच येणं. “बिल्कुल बरोबर,” गुणवंतराव म्हणाले, “मिरजेचाच असणार हा.” आणि बाकीच्या बहुतेकांचा एकच प्रश्न होता. वो आया क्यों नहीं?

“बिचारे,” गुणवंतराव हसत म्हणाले. “एवढ्याशा चुकीपायी चाळीस वर्षं थांबलेत यार हे लोक.”

चंद्रप्रभाबाई हसल्या नाहीत. त्यांनी फोन बंद करून मांडीवर ठेवला. “केतकीनं पण थांबवली होती,” त्या म्हणाल्या.

“काय थांबवली होती?”

“आरती. खंडेनवमीला. तुम्ही येतो म्हणालात म्हणून. सकाळपासून सगळं मांडून ठेवलं होतं. दोनदा फोन केला मला, बाबा निघालेत का म्हणून. शेवटी कामगारांना घेऊन जाणारी बस दारात आली, तेव्हा अनुरागनंच केली घाईघाईनं.”

गुणवंतराव म्हणाले, “हे मला कधी सांगितलं नाहीस.”

“तुम्ही कधी विचारलंत?”

“पण मी येतो म्हणजे... तसं येतो म्हणालो नव्हतो मी. आपण म्हणतो ना, येतो, तसं.”

“अहो, ते निघताना म्हणतात,” चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. “निघाली होती केतकी. तुम्ही खुर्चीत बसला होतात. बसलेला माणूस येतो म्हणाला, तर त्याचा अर्थ येतो असाच होतो. जन्मभर लोकांना मराठी शिकवता, एवढं कळू नये?”

गुणवंतरावांनी मनातल्या मनात व्याकरण दोनदा तपासून पाहिलं, आणि दोन्ही वेळा बायकोच बरोबर निघाली. त्यांच्या डोळ्यांसमोर ती चवड्यांवर उभी मुलगी येत होती, आणि तिच्या जागी कधी केतकी, कधी चिवड्याची जास्तीची वाटी घेऊन बसलेला अनुराग. इतके दिवस त्यांचा हिशेब असा होता, की जातो म्हणाला तो अनुराग, तेव्हा यायचंही त्यानंच. आज लक्षात आलं, की येतो म्हणालेला माणूस या घरात एकच होता. त्यांना फार लाज वाटली. सत्तरीच्या माणसाला लाज वाटली की तो काय करतो? उठून पाणी प्यायला जातो. तसे ते गेले, आणि स्वयंपाकघरातूनच म्हणाले, “खंडेनवमी कधी आहे?”

“उद्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सोसायटीच्या बागेत गेले. दसऱ्याला आपट्याच्या जागी कांचनची पानं चालतात, हे दिल्लीतल्या मराठी माणसांनी परस्पर ठरवून टाकलंय. झाडाची थोडी पानं त्यांनी रुमालात बांधली. माळी म्हणाला, “बाबूजी, दशहरा तो कल है.” गुणवंतराव म्हणाले, “हमें एक दिन पहले पहुँचना है. पहले से ही लेट हैं.”

चंद्रप्रभाबाई गुडघ्यामुळे थांबल्या. निघताना ते दारात उभे राहिले, आणि ‘येतो’ म्हणायला तोंड उघडून एकदम थांबले. आज तो शब्द जपून वापरावा असं त्यांना वाटलं. बायको म्हणाली, “म्हणा, म्हणा. माझ्याकडे तुम्ही येताच.”

द्वारकेहून बस, मग इफ्को चौकातून शेअर ऑटो. ऑटोत सगळी शिफ्टची पोरं, कंपनीचं कार्ड गळ्यात, डबा मांडीवर. त्यांनी बाबूजींना खिडकीची जागा दिली. मानेसरला उतरून विचारत विचारत ते त्या गल्लीत पोहोचले. पत्र्याची शेड, बाहेर झेंडूचं तोरण, आतून तेलाचा आणि उदबत्तीचा एकत्र वास. दारातल्या कामगारानं विचारलं, “किससे मिलना है?”

गुणवंतराव वाटेत बरंच काही जुळवत आले होते. झालं गेलं, तुझंही चुकलं, माझंही चुकलं, असं चांगलं तोलून मापून वाक्य तयार होतं. पण आत मशीनपाशी अनुराग पाठमोरा उभा होता, निरांजनात वात लावत. त्याचे मागचे केस पांढरे झालेले त्यांनी पहिल्यांदाच पाहिले. वाक्य कुठल्या कुठं गेलं.

“साहब को बोलो,” ते कामगाराला म्हणाले, “नीला मेहमान आया है.”

खर्ज अजून शाबूत होता. अनुराग वळला. हातात काडी तशीच जळत होती. केतकीनं ती फुंकून विझवली. मग अनुराग म्हणाला, “फार लांबून आलात.”

“हो. मध्ये यान बिघडलं होतं.”

अनुराग हसला नाही, पण बाजूला सरकला आणि मशीनसमोरची जागा त्यानं मोकळी केली. गुणवंतरावांनी मशीनला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. ते यंत्र नक्की काय करतं, हे त्यांना कळलं नाही, आणि त्यांनी ते विचारलं. अनुरागनं तार आत कशी जाते, कशी वळते, स्प्रिंग होऊन बाहेर कशी पडते, सगळं दाखवलं. गुणवंतराव चष्मा काढून, लावून बघत राहिले. शेवटी म्हणाले, “चांगलं केलंस. मी त्या दिवशी जे बोललो, ते बोलायला नको होतं.” मशीनचा आवाज मोठा होता, पण अनुरागनं ऐकलं, कारण त्यानं मान खाली घातली आणि बापाच्या हातातली गरम स्प्रिंग काढून घेतली.

चहा, पेढे, कामगारांबरोबर जेवण, सगळं झालं. दुपार कलल्यावर गुणवंतराव उठले आणि सवयीनं म्हणाले, “बरंय मग, येतो.”

“नको, बाबा,” केतकी म्हणाली, “तुमच्या येतोवर आता आमचा भरवसा नाही. चला, आम्हीच येतो सोडायला.”

तिघं गाडीनं द्वारकेला आले. अनुराग खालून परतायचं म्हणत होता, पण वर खिडकीत चंद्रप्रभाबाई उभ्या दिसल्या, तेव्हा लिफ्टमध्ये शिरला. त्यांनी लेकाच्या गालाला हात लावला, सुनेला जवळ घेतलं, आणि दोन वाट्यांत चिवडा आणून ठेवला. मग काहीतरी आठवून तिसरी वाटी आणली आणि ती नवऱ्यासमोर सरकवली. अनुरागनं ती वाटी पाहिली, आणि त्याला हसू आवरलं नाही. गुणवंतरावांनी रुमालातली पानं सोडली आणि दसरा उद्या असला तरी सगळ्यांना आजच सोनं दिलं.

निघायची वेळ झाली. अनुराग दारात खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. बांधून झाल्यावर तो सरळ उभा राहिला, बापाकडे बघितलं आणि मुद्दाम, स्पष्ट आवाजात म्हणाला, “जातो मी.”

आणि थांबला.

गुणवंतराव खुर्चीतून उठले. गुडघे करकरले. चालत दारापर्यंत आले, कारण हे आतून ओरडून सांगायचं नव्हतं.

“जातो नाही,” ते म्हणाले. “येतो म्हणावं.”

“येतो, बाबा,” अनुराग म्हणाला.